पोटात जखम असलेल्याला पाणी देत नाहीत

माझ्या वडिलांनी १९७१ च्या युद्धात एकही गोळी झाडली नाही. ते आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होते आणि त्या डिसेंबरात त्यांची फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स, म्हणजे आघाडीमागे जखमींवर उपचार करणारी तुकडी, शकरगडच्या आघाडीवर, बसंतर नदीच्या अलीकडे, तंबू ठोकून होती. सातारा तालुक्यातल्या आमच्या गावात जवळजवळ प्रत्येक घरातला एक जण पलटणीत असे किंवा पेन्शनीवर आलेला असे. पारावर लढाईच्या गोष्टी निघाल्या की तोफखान्यातले, पायदळातले, रणगाड्यांवरचे सगळे बोलत आणि आबा मात्र पिंपळाला पाठ टेकून ऐकत बसत. बंदूक न चालवलेल्या माणसाकडे सांगण्यासारखे काय असणार, असे लोकांना वाटे, आणि पुष्कळ वर्षे मलाही तसेच वाटत होते.

तरी त्यांच्याविषयी एक गोष्ट गावभर पसरलेली होती. आबांनी एका पाकिस्तानी सैनिकाला पाणी पाजले, ही ती गोष्ट. कीर्तनाला आलेल्या बुवांच्या कानावर ती कुणी घातली तर ते कौतुकाने सांगत. बांधावरच्या भांडणात तीच गोष्ट टोमणा म्हणून आबांच्या तोंडावर फेकली जाई. दोन्ही वेळा आबा काही बोलत नसत. मी नोकरीला लागल्यावर, इतिहासाची शिक्षिका झाल्यावर, एकदा वहीच घेऊन त्यांच्यासमोर बसले आणि सगळे नीट विचारले, तेव्हा कळले की ती गोष्ट मुळातच चुकीची होती. आबांनी त्याला पाणी दिले नव्हते. तो मागत होता, आणि आबांनी नाही म्हटले होते.

ती वेळ १७ डिसेंबरच्या पहाटेची. नदीपलीकडे आपण घेतलेल्या जरपाल गावावर पाकिस्तानी पलटणीने मोठा प्रतिहल्ला केला होता आणि उजाडण्याच्या आधीपासूनच जखमी येऊ लागले होते. पुढच्या एड पोस्टवर, म्हणजे प्रथमोपचाराच्या ठाण्यावर, घाईने बांधलेली पट्टी सोडायची, जखम बघायची, रक्त थांबवायचे, मॉर्फियाचे इंजेक्शन दिले असेल तर कपाळावर ‘एम’ हे अक्षर आणि वेळ लिहिलेली आहे का ते तपासायचे, कारण ती खूण राहिली तर मागच्या तंबूतला दुसरा कुणी पुन्हा इंजेक्शन देईल आणि तेवढ्यानेही माणूस जाईल. असे आबांचे काम होते. स्ट्रेचर जमिनीवर ओळीने ठेवलेले, पेट्रोमॅक्सचा उजेड, आणि थंडी इतकी की सलाईनच्या बाटल्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवाव्या लागत, असे त्यांनी सांगितले.

त्या ओळीत एक स्ट्रेचर पाकिस्तानी जवानाचे होते. त्याच्या पोटात तोफगोळ्याचा तुकडा घुसला होता. त्याच्या शेजारी तोफखान्यातला एक गनर होता, कोरेगावकडचा. त्याचा डावा हात मनगटाजवळ चिरडला होता आणि आदल्या संध्याकाळी त्याच्याच तोफेवरचा त्याचा सोबती त्याच्या डोळ्यांसमोर गेला होता. आबांची बोली कानावर पडताच त्याने ओळखले की हा आपल्याकडचा आहे. तो म्हणाला, “गाववाले, आधी मला बघ. त्यो मेला तर मरू दे.” डॉक्टर कॅप्टन वाकून दोघांनाही पाहून गेले आणि त्यांनी एवढेच सांगितले की पोटवाला आधी. आबांनी गनरचा हात फळीला बांधला, रक्त थांबले आहे याची खात्री करून घेतली आणि ते पाकिस्तानी जवानाकडे वळले.

तो पाणी मागत होता. पोटात जखम झालेल्या माणसाला भयंकर तहान लागते, आणि नेमके त्यालाच पाणी देता येत नाही, कारण आतडे फाटलेले असेल तर प्यालेले पाणी त्या फाटीतून पोटाच्या पोकळीत पसरते आणि सोबत विष घेऊन जाते. शिवाय थोड्याच वेळात त्याला भूल द्यायची असते, आणि भरल्या पोटी भूल दिली तर ओकारी छातीत उतरू शकते. सेवेत दाखल झालेल्या कोवळ्या पोरांना हे पहिल्यांदा शिकवतात आणि पुन्हा पुन्हा शिकवतात, कारण दयाळू माणसाच्या हातून नेमकी हीच चूक होते. आबांनी गॉजचा तुकडा पाण्यात बुडवून पिळला आणि त्याच्या ओठांवर ठेवला. तो चोखू लागला की काढून घेत. पुन्हा भिजवून, पिळून ठेवत. मागे नेणारी गाडी येईपर्यंत, सुमारे तासभर, सलाईन सांभाळत आणि इतर जखमींकडे जात येत, त्यांनी हे चालू ठेवले.

मी त्यांना विचारले, “आबा, तुम्हाला त्याची दया आली होती?” ते जरा वेळ थांबले. मग म्हणाले, “दया कसली? राग आला होता मला. आमच्या किती जणांना त्या रात्री बांधलं होतं मी. पण हातांना काम ठाऊक होतं.”

हे उत्तर मी वर्षानुवर्षे मनात घोळवत आले आहे, आणि हा सगळा लेख त्यासाठीच लिहिते आहे. शत्रूविषयीची करुणा म्हटले की आपल्यासमोर मोठ्या मनाचा, डोळ्यांत पाणी आलेला, क्षणात वैर विसरलेला माणूस उभा राहतो. तशी माणसे असतीलही. परंतु रणभूमीवरची व्यवस्था तशा माणसांच्या भरवशावर उभी करता येत नाही, कारण रात्रभर आपल्याच लोकांचे रक्त पुसलेल्या माणसाच्या मनात पहाटे चार वाजता करुणा असेलच, असे कुणाला म्हणता येणार? म्हणून ती भावनेकडून काढून कर्तव्याकडे सोपवलेली आहे. १२ ऑगस्ट १९४९ रोजी जिनिव्हात झालेल्या चार करारांपैकी पहिल्या कराराचे बारावे कलम सांगते की जखमी आणि आजारी सैनिकांमध्ये राष्ट्र, धर्म, वंश यांवरून भेद करायचा नाही आणि कुणाला आधी तपासायचे हे केवळ वैद्यकीय निकडीवरूनच ठरवायचे. कॅप्टनांनी उच्चारलेल्या “पोटवाला आधी” या दोन शब्दांत ते कलम पुरतेपणी सामावलेले होते. आपण तो करार १९५० मध्ये स्वीकारला आणि १९६० मध्ये संसदेने त्यासाठी स्वतंत्र कायदाही केला. आर्मी मेडिकल कोअरचे ब्रीदवाक्य ‘सर्वे सन्तु निरामयाः’ असे आहे. त्यातल्या ‘सर्वे’ या शब्दाला अपवाद जोडलेला नाही. आबांच्या टोपीवर तो बिल्ला होता आणि त्याचा अर्थ त्यांना माहीत होता.

पण कर्तव्य म्हटले की त्याची किंमतही कुणाला तरी चुकवावी लागते, आणि ती नेहमी कर्तव्य करणाऱ्यालाच चुकवावी लागते असे नाही. गनरचा हात वाचला, मात्र त्याची दोन बोटे कायमची ताठ राहिली. पुढच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी त्याला समजावले होते की हाडेच अशी चिरडली होती की बोटे वळणे शक्य नव्हते, तासाभराच्या उशिराचा त्याच्याशी संबंध नाही. त्याने ते मानले नाही. पेन्शन घेण्यासाठी, कँटीनच्या सामानासाठी, माजी सैनिकांच्या मेळाव्यांसाठी साताऱ्यात दोघांची वर्षातून चार-पाच वेळा गाठ पडे, आणि तो आबांना पाहून रांगेत तोंड फिरवून उभा राही. आबा त्याला दोष देत नसत. डॉक्टरांचे म्हणणे बरोबर असावे असे मला वाटते. पण माझ्या वाटण्याने त्याची बोटे वळणार नाहीत, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही कदाचित तेच केले असते. शत्रूशी माणुसकीने वागावे असे सहज लिहिणाऱ्यांनी, आणि त्यात मीही आले, ही दोन बोटे नजरेसमोर ठेवली पाहिजेत.

नववीच्या वर्गात मी हा विषय काढी तेव्हा दरवर्षी एक तरी मुलगा उभा राहून विचारी, “ते पाळत नाहीत, मग आपण का पाळायचं?” सैनिकांच्या घरातली मुले हा प्रश्न सर्वांत तळमळीने विचारत आणि तो टाळण्यासारखा नाही. १९९९ मध्ये कारगिलच्या लढाईच्या सुरुवातीलाच कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांच्या गस्तीतले पाच जवान पकडले गेले आणि त्यांचे छळाच्या खुणा असलेले मृतदेह ९ जूनला परत आले. १९७१ च्या युद्धात बेपत्ता झालेल्या ५४ भारतीयांची नावे आपल्या सरकारच्या यादीत आजही आहेत आणि त्यांच्या घरच्यांना अजून उत्तर मिळालेले नाही. या गोष्टी बाजूला ठेवून करुणेवर बोलणे मला अप्रामाणिक वाटते.

माझे उत्तर मात्र बदललेले नाही. १९४९ च्या करारांचे पहिलेच कलम म्हणते की हे नियम सर्व परिस्थितींत पाळायचे आहेत, आणि जखमींवर किंवा कैद्यांवर सूड उगवण्याला त्यांत स्पष्ट मनाई आहे. ज्यांनी हे लिहिले त्यांना समोरचा पाळणार नाही हे चांगले माहीत होते. दुसरे महायुद्ध संपून तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. आपल्याकडेही हे नवीन नव्हते. महाभारतात युद्ध सुरू होण्याआधी दोन्ही पक्षांनी नियम ठरवले होते, की पळणाऱ्याला, शरण आलेल्याला, शस्त्र हरपलेल्याला मारायचे नाही, आणि अठरा दिवसांत ते नियम एकेक करून दोन्हीकडून मोडले गेले. त्याचा शेवट अश्वत्थाम्याने रात्री शिबिरात शिरून झोपलेल्यांना मारण्यात झाला. त्यांनी मोडले म्हणून आम्ही मोडले, हे वाक्य त्या युद्धात प्रत्येकाला म्हणता येत होते, अश्वत्थाम्यालासुद्धा. मी त्या मुलाला सांगत असे की असे म्हणणाऱ्यांच्या ओळीतला शेवटचा माणूस अश्वत्थामाच असतो. मधे कुठे थांबायचे हे कुणाला तरी ठरवावे लागते.

आणखी एक गोष्ट २०१९ च्या फेब्रुवारीत मला दिसली. २७ तारखेला विंग कमांडर अभिनंदन वर्धमान पाकिस्तानच्या ताब्यात गेले, त्यांचे रक्ताळलेल्या चेहऱ्याचे चित्रण फिरू लागले, आणि १ मार्चला ते परत येईपर्यंतच्या दोन दिवसांत ‘जिनिव्हा करार’ हे शब्द मी भाजी मंडईत, एसटी स्टँडवर, चहाच्या टपरीवर ऐकले. युद्धकैद्याला लोकांच्या कुतूहलापासून आणि अपमानापासून जपायचे असते, हे तिसऱ्या करारातले तेरावे कलम कुणी वाचलेले नसेल, पण प्रत्येकाला ते कळत होते. आपला माणूस तिकडे असला की हा कायदा आपल्याला उपजतच समजतो. तिकडचा माणूस इकडे असतो तेव्हा त्याच्याही गावात कुणीतरी असाच तळमळत असतो, एवढीच भर त्यात घालायची राहते.

ती भर आमच्या गावात एका बाईने माझ्यासमोर घातली. आमच्या आळीत एक काकी होत्या. त्यांचे यजमान १९६५ मध्ये सियालकोटच्या बाजूला कामी आले. देह घरी आला नाही, तार आली. आबांना कधी कुणी त्या पाण्यावरून बोलले की काकी तिथून उठून जात, आणि आम्हाला वाटे की त्यांना राग येत असावा. एका सर्वपित्रीच्या दिवशी त्या वाडी ठेवून परत येताना आमच्या ओट्याशी थांबल्या आणि आबांना म्हणाल्या, “भावजी, आमच्या धन्याच्या तोंडाला बी कुनी पानी लावलं आसंल का वो?” मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. आबांनी मान खाली घातली आणि ते म्हणाले, “लावलं असंल, वैनी. तिकडं बी माझ्यासारखी पोरं असत्यात.” त्यांना हे माहीत असण्याची शक्यता नव्हती. परंतु आपण स्वतः काम चोख केलेले असल्यामुळेच त्यांना ते वाक्य उच्चारता आले, असे मला वाटते. त्या पहाटे त्यांनी तोंड फिरवले असते तर काकींना द्यायला त्यांच्याजवळ काही उरले नसते.

घरी भटजी तर्पण सांगत तेव्हा त्यात ‘अबांधव’ असा शब्द येई. जे आपले बांधव आहेत त्यांना आणि जे बांधव नाहीत त्यांनाही या पाण्याने तृप्ती लाभो, असा त्याचा आशय. लहानपणी मला तो शब्द चुकून आला आहे असे वाटे.

आपला इतिहास आपण जिंकणाऱ्याच्या जागेवर बसून वाचतो, म्हणून शत्रूवर दया करावी की नाही हा प्रश्न आपल्याला आपल्या मर्जीचा वाटतो. पानिपताच्या बाजूने तो वाचून पाहावा. १७५४ मध्ये मराठ्यांनी भरतपूरच्या सूरजमल जाटाच्या कुम्हेरच्या किल्ल्याला वेढा घातला होता. त्याच वेढ्यात मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव तोफेच्या गोळ्याने गेले. पुढे पानिपतच्या मोहिमेत सूरजमल आधी सोबत आला आणि भाऊसाहेबांशी न पटल्यामुळे दुरावून निघून गेला. म्हणजे १४ जानेवारी १७६१ नंतर थंडीत, अन्नावाचून, अंगावर धड वस्त्र नसलेली आपली माणसे दक्षिणेकडे पळत त्याच्या मुलखात शिरली, तेव्हा त्याच्याकडे आपल्याला न ओळखण्याची पुरेशी कारणे होती. त्याने आणि राणी किशोरीने त्यांना अन्न, वस्त्र आणि आसरा दिला. जखमी समशेरबहाद्दरांवर तिथे उपचार झाले. ते वाचू शकले नाहीत. शत्रुपक्षाकडून लढलेल्या शुजाउद्दौल्याने विश्वासरावांच्या देहाची विटंबना होऊ दिली नाही आणि त्याचे हिंदू रीतीने दहन करवले. ‘विश्वास तर गेला पानिपतात’ असे आपण हसत म्हणतो. त्याच्या चितेची सोय कुणी केली हे फार थोड्यांना ठाऊक असते. महाराष्ट्रातली कितीतरी घरे आज आहेत याचे एक कारण भरतपूरच्या त्या अन्नात आहे.

आणि उलट अनुभवही आपल्याच गावांनी घेतलेला आहे. आमच्या गावापासून आपशिंगे फार लांब नाही. त्या गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द लागतो आणि पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आल्याची नोंद तिथल्या स्मारकावर आहे. मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कूतच्या वेढ्यात सहाव्या पुणे डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तुर्कांपुढे शरणागती झाल्यावर उपासमारीने खंगलेल्या त्या कैद्यांना वाळवंटातून चालवत नेले, आणि त्या वाटेवर आणि नंतरच्या बंदिवासात हजारो माणसे मेली. तिथे लढाई नव्हती. पाणी, अन्न आणि सावली यांची जबाबदारी कुणी घेतली नाही, एवढेच तिथे घडले.

प्रतापगडावर आम्हा भावंडांना आबांनी पहिल्यांदा नेले तेव्हा गड उतरून आल्यावर ते आम्हाला खानाच्या कबरीकडे घेऊन गेले होते. १० नोव्हेंबर १६५९ ला काय घडले हे आम्हाला तोंडपाठ होते. शिवाजी महाराजांच्या थोरल्या बंधूंच्या, संभाजीराजांच्या, मृत्यूचा दोष अफझलखानाकडे दिला जाई हेही माहीत होते. ज्याने वाघनखे चालवली त्याच राजाने नंतर खानाचे दफन त्याच्या धर्माप्रमाणे होऊ दिले. मला यात विरोध दिसत नाही, आणि एकाने दुसऱ्याची भरपाई केली असेही दिसत नाही. महाराजांनी खानाला मारताना हात आखडता घेतला नाही, आणि मारल्यावर त्याच्या देहाशी त्यांचे भांडण उरले नाही. रावण पडल्यावर राम बिभीषणाला वैर मरणापर्यंतच असते असे सांगून अंत्यसंस्कार करायला लावतो, तीच ही रीत. शत्रूवरच्या करुणेला दुबळेपणा म्हणणाऱ्यांना मी हा गड दाखवते. लढण्यात कसूर करणाऱ्याची करुणा संशयास्पद असते हे मला मान्य आहे; येथे तशी कसूर कुठे आहे?

जरपालची ती पहाट आबांनी तंबूतून पाहिली. पुढे काय झाले ते आता सर्वांना ठाऊक आहे. त्या हल्ल्यात पाकिस्तानच्या ३५ फ्रंटियर फोर्सचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल मोहम्मद अक्रम राजा आपल्या जवानांच्या पुढे राहून चालून आले आणि मारले गेले. समोर मेजर होशियार सिंह होते, ज्यांना त्या लढाईसाठी परमवीर चक्र मिळाले, आणि त्यांच्या तिसऱ्या ग्रेनेडियर्सचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल व्ही. पी. ऐरी होते. देह परत करताना ऐरी यांनी आपल्या शत्रूच्या शौर्याची साक्ष लिहून दिली आणि पुढे अक्रम राजांना त्यांच्या देशाने हिलाल-ए-जुरत हा शौर्यसन्मान दिला. १९९९ मध्ये टायगर हिलवर ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांनी पाकिस्तानचे कॅप्टन कर्नल शेर खान (‘कर्नल’ हे त्यांचे नावच) यांच्या देहाबरोबर अशीच चिठ्ठी पाठवली आणि त्यांना निशान-ए-हैदर हा पाकिस्तानचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. त्याच लढाईत पाकिस्तानने आपले म्हणायला नकार दिलेल्या जवानांचे देह आपल्या सैन्याने इस्लामी रीतीने, प्रार्थना म्हणून, त्या डोंगरांत दफन केले. ज्या महिन्यात कालियांचा देह तशा स्थितीत आला त्याच्या पुढच्याच महिन्यात हे घडत होते. त्या जवानांच्या मनात तेव्हा काय होते हे मला सांगता येणार नाही. आबांचे उत्तर ऐकल्यामुळे मी अंदाज करू शकते.

एक गल्लत मात्र होऊ नये. करुणा म्हणजे क्षमा, असे मी म्हणत नाही. १९७१ मध्ये सुमारे ९३ हजार पाकिस्तानी कैदी आपल्याकडे आले. त्यांना आपण कराराप्रमाणे जेवण, औषध आणि पत्रे दिली आणि एप्रिल १९७४ पर्यंत परत पाठवले. याचा मला मनापासून अभिमान आहे. त्यांच्यापैकी १९५ जणांवर बांगलादेश युद्धगुन्ह्यांचे खटले चालवू इच्छित होता आणि तेही ९ एप्रिल १९७४ च्या तीन देशांच्या समझोत्यानंतर खटल्याविना परत गेले. याचा मला अभिमान वाटत नाही. कैद्याला छळायचे नाही हे आपले कर्तव्य होते. पण ढाक्यात ज्यांची माणसे मारली गेली आणि ज्या बायकांवर अत्याचार झाले, त्यांच्या वतीने माफी देण्याचा अधिकार ना आपला होता ना मुत्सद्द्यांचा. आबांनी त्या जवानाच्या पोटाची जखम बांधली तेव्हा त्याच्या हातून आधी काय घडले हे त्यांनी विचारले नाही, आणि विचारायचेही नव्हते. ते काम न्यायाधीशाचे. स्ट्रेचरजवळ न्यायाधीश उभा राहिला तर जखमी मरतो, आणि न्यायालयात परिचारक बसवला तर फिर्यादी मरतो. ही दोन कामे वेगळी ठेवली तरच दोन्ही नीट होतात, हे मला इतक्या वर्षांच्या वाचनाने आणि आबांच्या त्या एका तासाने पटलेले आहे.

त्या जवानाचे पुढे काय झाले हे आबांना कधीच कळले नाही. गाडीत स्ट्रेचर चढवताना त्याने आबांचे मनगट धरले होते, गाडी हलली तेव्हा ते सुटले. त्याचे नाव त्याच्या कार्डावर होते आणि आबांनी ते वाचले होते, पण मला सांगितले नाही. कैद्याचे नाव गावात सांगत फिरायचे नसते, असे ते म्हणाले.

आबा गेले त्याला आता बरीच वर्षे झाली. दहाव्याला नदीवर पुष्कळ माणसे आली होती आणि कावळा शिवल्यावर आम्ही घरी परतलो, तर ओट्यावर एक म्हातारा गृहस्थ बसलेला होता. डोक्याला फेटा, पायात कँटीनचे बूट. मी चहा नेला तेव्हा त्याने कप उजव्या हाताने घेतला आणि डाव्या हाताने बशी धरली, तेव्हा दोन बोटे बशीखालून सरळ बाहेर आलेली मला दिसली. माझी ओळख विचारण्याची त्याला गरज नव्हती. अर्धा चहा होईपर्यंत तो काही बोलला नाही. मग माझ्याकडे न बघता त्याने विचारले, “वाचला का त्यो?”

मी म्हटले, “आबांना कळलं नाही कधी.”

त्याने मान हलवली, उरलेला चहा बशीत ओतून प्यायला आणि कोरेगावची गाडी किती वाजता आहे ते विचारले.